तुमच्या गैरहजेरीइतकं लांब

तेराव्याचं जेवण उरकून पानं उचलली जात होती. पडवीत मांडवाच्या ओल्या कापडाचा, उदबत्तीचा आणि वडे तळलेल्या तेलाचा मिळून एक वास साचला होता. गुरुजी उपरणं सावरत उठले आणि उठता उठता म्हणाले, "मरणान्तानि वैराणि. गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये." म्हणाले सगळ्यांना उद्देशून, पण बघत होते काकूंकडे. सकाळपासून घरातल्या प्रत्येकाने काकांच्या फोटोला फूल वाहिलं होतं, सरपंचांनी वाहिलं होतं, शाळेतल्या पोरांनी रांगेने येऊन वाहिलं होतं. काकूंनी वाहिलं नव्हतं. सुनेने तबक पुढे केलं तेव्हा "ठेव तिकडे" एवढंच म्हणाल्या. गुरुजींचं वाक्य ऐकून त्यांनी मान वर केली आणि दुधाचा हिशेब सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "त्यांचं संपलं असेल. माझं नाही संपलं."

काकूंची थोरली मुलगी लहानपणी तापाने गेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कशी गेली ते कुणी बोलत नसे. शाळेच्या इमारतीची कोनशिला बसायची होती, तालुक्याहून पाहुणे यायचे होते. गावात जीप एकच आणि ती पाहुण्यांना आणायला गेलेली. कार्यक्रम उरकला की नेऊ, असं काका म्हणाले. शाळा झाली, चांगली झाली. तिथे शिकून माणसं कुठल्या कुठे पोचली. पंचक्रोशीत काका देवमाणूस होते आणि यात खोटं काही नाही. रामरक्षा मला त्यांनीच शिकवली. परतीच्या एसटीत शेजारी बसलेली आमची एक नातेवाईक म्हणाली, "इतकी वर्षं झाली, बाईने आता माफ करायला हवं होतं." मी काहीच बोलले नाही. 'मरणान्तानि वैराणि' हे रामाने रावणाच्या प्रेतापाशी उभं राहून बिभीषणाला सांगितलं, म्हणजे ते जिंकणाऱ्याच्या तोंडचं वाक्य आहे, असं काहीतरी फुटकळ डोक्यात येत होतं. घाट लागला, खिडकीतून पावसाची झड आत यायला लागली आणि मला आठवली ती दुसऱ्याच एका घरातली, दुसऱ्याच एका काळातली बाई.

क्लायटेम्नेस्ट्रा.

कॉलेजात ती माझ्या वाट्याला नोट्समधून आली होती. कपटी, व्यभिचारी, दहा वर्षांनी युद्ध जिंकून घरी आलेल्या नवऱ्याला, राजा ऍगामेम्नॉनला, न्हाणीघरात मारणारी राणी. परीक्षेला एवढं पुरलं. प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसचं 'ऍगामेम्नॉन', त्याच्या तीन नाटकांच्या मालिकेतलं पहिलं, मी नीट वाचलं ते पुष्कळ नंतर, स्वतः आई झाल्यावर. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की राजा घरी पोचायच्या कितीतरी आधी नाटककाराने त्या मुलीला रंगभूमीवर आणून ठेवलं आहे. तिचं पात्र नाही, तिला संवाद नाहीत. गावातले म्हातारे तिची गोष्ट सांगतात. ट्रॉय शहराशी लढायला निघालेलं ग्रीक आरमार औलिसच्या किनाऱ्यावर अडकून पडलेलं, वारा उलटा, दोरखंड कुजायला लागलेले, माणसं उपाशी. देवीचा कोप आहे, राजाची मुलगी द्यावी लागेल, असा कौल निघतो. राजा काठी जमिनीवर आपटतो, त्याला रडू आवरत नाही. मुलीला मारणं जड आहे, पण आरमार सोडून पळणारा मी कसा होऊ, असंही तो म्हणतो. म्हणजे त्याला दुःख झालंच नाही असं नाटक म्हणत नाही. मला तो भाग फार खरा वाटतो. असे निर्णय घेणारी माणसं बहुधा रडतातच, आणि रडून झालं की कार्यक्रमाला जातात.

मग मुलीला शेळीच्या करडासारखी वेदीवर उचलून धरतात, तोंड खाली करून. तोंडात बोळा, कारण मरताना तिने घराला शाप दिला तर काय घ्या. अंगावरचं केशरी वस्त्र जमिनीवर ओघळतं. बोलता येत नाही म्हणून ती वेदीभोवतीच्या एकेका पुरुषाकडे नुसती बघते. आणि इथे एस्किलस एक तपशील घालतो, ज्याने मी पुस्तक मिटलं होतं. ते पुरुष तिच्या ओळखीचे आहेत. बापाच्या पंगतीला ते जेवायला यायचे आणि ही पोर त्यांच्यासमोर गाणं म्हणायची. पाहुणे आले की मुलीला "म्हण गं ते गाणं" असं सांगणारं घर कुणाला माहीत नाही? त्याच पाहुण्यांनी आता तिला धरलेलं आहे. यापुढचं म्हातारे सांगत नाहीत. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही आणि मी सांगतही नाही, असं म्हणून ते विषय बदलतात. युरिपिडीस या दुसऱ्या ग्रीक नाटककाराने पुढे याच प्रसंगावर नाटक लिहिलं. त्यात मुलीला अकिलीस या वीराशी लग्न लावतो म्हणून फसवून बोलावलेलं असतं आणि ऐनवेळी देवी तिच्या जागी हरिणी ठेवते. ते हरणाचं शेपूट पुढे कुणीतरी जोडलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. एस्किलसकडे हरीण नाही. त्याच्याकडे नुसते गप्प बसलेले म्हातारे आहेत.

आता राजा घरी येतो. रथात बसलेला, मागे युद्धात लुटीत मिळालेली ट्रॉयची राजकन्या कसांड्रा. दारात क्लायटेम्नेस्ट्रा उभी राहते आणि गावासमोर भाषण करते. भाषण भयंकर आहे. तुमच्या मरणाच्या इतक्या अफवा आल्या, म्हणते, की त्या खऱ्या असत्या तर तुमच्या अंगाला जाळ्यापेक्षा जास्त भोकं पडली असती. वाट बघून बघून डोळ्यांतलं पाणी आटलं, गळफास लावून घेतले ते लोकांनी सोडवले. आणि मग ती म्हणते, म्हणूनच तर आपलं मूल, तुमच्यामाझ्या वचनांची खूण, आज इथे उभं नाही, खरं तर असायला हवं होतं.

मूल म्हणजे कोण, हे ती लगेच सांगत नाही.

क्षणभर सगळं थिएटर थांबत असणार. अथेन्सच्या त्या टेकडीच्या उतारावर बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात त्या क्षणी एकच नाव आलं असणार, बळी दिलेल्या त्या मुलीचं, इफिजेनिया. मग ती वाक्य पुरं करते, "ओरेस्टिस". मुलाला मित्राकडे ठेवलंय, काळजी नको. माझ्या मते पूर्ण नाटकातला सर्वांत मोठा प्रसंग हा आहे, खून नव्हे. खुनाची तयारी झालेली आहे, जाळं विणून तयार आहे, तरीही ती बाई दोन ओळींची फट ठेवते आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघते. त्या फटीत त्याने एक नाव घालायचं आहे. माफी मागायची नाही, समर्थनही द्यायचं नाही, फक्त नाव. आणि ऍगामेम्नॉन काय उत्तर देतो? लेडाच्या मुली (लेडा म्हणजे तिची आई), तुझं भाषण माझ्या गैरहजेरीला शोभेलसं झालं, चांगलंच लांबलं! विनोद करतो तो. मुलीचं नाव तो त्या प्रसंगात घेत नाही, नंतर घेत नाही, मरेपर्यंत घेत नाही. एवढ्या लांब नाटकात बापाच्या तोंडी घरी परतल्यावर एकदाही मुलगी नाही.

घेतलं असतं तर ती विरघळली असती, असं मी म्हणत नाही. बहुतेक नसतीच. ती त्याला जांभळ्या वस्त्रांवरून चालवते, समुद्र आहे, तो कोण आटवणार, म्हणते, आणि आत घेऊन जाते. पण माफ न करणं आणि माफी द्यायची वेळच कुणी न येऊ देणं यांत अंतर आहे. आपण पहिल्याचा दोष बाईला देतो आणि दुसऱ्याबद्दल बोलत नाही.

आपल्याकडेही बापाच्या हातून मूल जाण्याचं एक नाटक आहे आणि त्यात आई माफ करते. 'एकच प्याला'. दारूच्या नशेत सुधाकरच्या काठीने तान्हं मूल दगावतं, सिंधू स्वतः मरणाच्या दारात पडते आणि फौजदार आल्यावर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. सिंधूवर माझ्या आजीच्या पिढीने अश्रू ढाळले, आईच्या पिढीने ढाळले, माझेही डोळे भरले आहेत. 'लागे हृदयी हुरहूर' रेडिओवर लागलं की आजी चूल फुंकायची थांबायची. पण एवढं रडून झाल्यावरही मला कधी सिंधूचं पटलेलं नाही, आणि हे घरात बोलायची सोय नव्हती. तिचं क्षमा करणं इतकं पूर्ण आहे की मूल त्यात कुठे गेलं तेच दिसेनासं होतं. आपण रडतो ते सिंधूच्या पातिव्रत्यावर आणि सुधाकरच्या पश्चात्तापावर. गडकऱ्यांना हे जाणवलं असावं. कारण त्या नाटकातही माफ न करणारा एक माणूस आहेच, तो म्हणजे स्वतः सुधाकर. बायकोने सोडलं, कायद्याने सोडलं असतं, तो स्वतःला सोडत नाही. शेवटच्या प्याल्यात विष घालून पितो. सिंधू माफ करू शकली याचं एक कारण मला असं दिसतं की समोरचा माणूस स्वतःच स्वतःला माफ करत नव्हता. क्लायटेम्नेस्ट्रासमोर उभा असलेला माणूस मात्र रथातून उतरताना बूट कोण काढतंय ते बघत होता.

दोन्ही आया पुरुषांनी लिहिल्या आणि पुरुषांनीच उभ्या केल्या, हेही सोडून देता येत नाही. इ.स.पू. 458 मध्ये अथेन्सला क्लायटेम्नेस्ट्राचा मुखवटा चढवलेला नट पुरुष होता. 1919 साली बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला तेव्हा सिंधू होते बालगंधर्व. गडकरी तो प्रयोग बघायला राहिले नव्हते, जेमतेम महिनाभर आधी गेले होते. बालगंधर्वांचं नाव निघालं की आपण एक किस्सा हमखास सांगतो. 1911 साली मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते ठरल्या वेळी भामिनी होऊन उभे राहिले. आम्हाला हा किस्सा शाळेत निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगितला होता. मी तो स्वतः माझ्या मुलाला त्याच सुरात सांगितला आहे. त्यांचं दुःख खोटं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट त्या रात्री गाताना त्यांच्या घशात काय अडकलं असेल याची कल्पना करवत नाही. फक्त एवढंच की त्या संध्याकाळी घरी मुलीच्या आईजवळ कोण बसलं होतं, हे त्या किश्शात कुठेच येत नाही. शाळेची कोनशिला, ट्रॉयचं आरमार, नाटकाचा पहिला प्रयोग. कार्य सगळ्यांचंच मोठं होतं.

खून झाल्यावर दरवाजा उघडतो आणि क्लायटेम्नेस्ट्रा दोन प्रेतांशेजारी उभी असते. ती लपवत नाही. माशाला टाकावं तसं जाळं टाकलं, दोन घाव घातले, पडल्यावर तिसरा, असं सरळ सांगते. त्याच्या रक्ताचे शिंतोडे अंगावर आले तेव्हा पेरलेल्या शेताला पाऊस आल्यावर व्हावा तसा आनंद झाला, असंही सांगते. इथे मी कितीही तिच्या बाजूने बसले असले तरी अंगावर काटा येतोच. म्हातारे हादरतात. तुला हद्दपार करू, लोकांचे शाप लागतील, असं ओरडायला लागतात. त्यावर ती जे बोलते त्याचा अर्थ आपल्या भाषेत असा: आज मला हद्दपारी सुनावता? हा माणूस गोठ्यात ढीगभर मेंढरं असताना स्वतःच्या पोरीला, माझ्या पोटच्या कळेला, वारा वळवायला म्हणून कापून आला, तेव्हा तुम्ही तोंड उघडलं नाहीत. हद्दपार करायचं होतं ते याला. म्हाताऱ्यांकडे याला उत्तर नाही. ते आठवा म्हणजे कळेल, तेच म्हातारे सुरुवातीला 'मी पाहिलं नाही आणि सांगतही नाही' म्हणून थांबले होते. त्यांना सगळं माहीत होतं. आता राजाला कोण पुरणार, त्याच्यासाठी शोक कोण करणार, असं ते विचारतात तेव्हा ती म्हणते, तुम्ही काळजी करू नका. पाताळातल्या दुःखाच्या नदीवर त्याची लेक त्याला सामोरी येईल, गळ्यात हात टाकेल आणि मुका घेईल.

या ओळीत उपहास आहे, सगळेच म्हणतात. मला त्यात उपहासाच्या खाली आणखी काहीतरी ऐकू येतं. दहा वर्षं ती बाई त्या पोरीला नदीकाठी उभी असलेली बघत आली आहे. तिच्याशिवाय दुसरं कुणी बघत नव्हतं. माफ करायचं म्हणजे तिला तिथून उठवून 'झालं ते झालं'च्या ढिगात ढकलायचं. राग सोडला तर मुलीचं या जगात काय उरतं, ना समाधी, ना सोबत रडणारं माणूस, ना बापाच्या तोंडी नाव. पुष्कळदा शोकाला घरात बसायला जागा मिळत नाही, म्हणून तो रागाच्या खोलीत जाऊन राहतो. काकू मला एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, भाजी निवडताना म्हणाल्या होत्या, "शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची नावं आहेत बघ संगमरवरावर. तिचं नाही." मी तेव्हा लहान होते, मला वाटलं त्यांना देणगी द्यायची आहे.

त्रिनाट्याचा शेवट आपल्याला न्यायाचा विजय म्हणून शिकवतात. मुलगा ओरेस्टिस आईला मारतो, सूडदेवता त्याच्या मागे लागतात, अथेन्समध्ये अथीना देवी न्यायालय बसवते, सूडाच्या जागी कायदा येतो. हे वाचताना मी दरवेळी चिडते. मेलेल्या आईचं भूत झोपलेल्या सूडदेवतांना खडसावून उठवतं, तो भाग थोर आहे. पण खटला? ओरेस्टिसच्या बाजूने उभा राहिलेला देव अपोलो साक्षीत सांगतो की आई ही मुलाची खरी जन्मदाती नव्हेच, ती फक्त पेरलेलं बीज सांभाळते. पुरावा म्हणून आईविना जन्मलेल्या अथीनेकडेच बोट दाखवतो. मतं समसमान पडतात, अथीनेचं मत ओरेस्टिसला, तो सुटतो. सूडदेवता म्हणतात, नवऱ्याला मारणाऱ्या बायकोच्या मागे आम्ही लागत नाही, ते रक्ताचं नातं नाही. बरं. मग बापाने मुलीला मारलं ते कुठलं नातं होतं? ऍगामेम्नॉनच्या मागे त्या का लागल्या नाहीत? न्यायालयात हा प्रश्न कुणीही विचारत नाही, ना फिर्यादी, ना बचाव, ना न्यायाधीश. त्या संपूर्ण तिसऱ्या नाटकात इफिजेनियाचा उल्लेख नाही. तिची एकमेव साक्षीदार मेलेली, आणि तिचं भूतसुद्धा स्वतःच्या जखमा दाखवण्यातच गुंतलेलं. सूडदेवतांना शेवटी अथेन्समध्ये घर मिळतं, मान मिळतो, मिरवणूक निघते. मुलीच्या खुनाचा खटला बोर्डावर येतच नाही.

इथवर क्लायटेम्नेस्ट्राची वकिली करत आले की दरवेळी एका जागी माझी गाडी रुतते. कसांड्रा. दारातल्या दोन प्रेतांतलं दुसरं तिचं आहे. ती ट्रॉयच्या राजाची मुलगी, लढाईत हरलेली, लुटीत वाटली गेलेली, रथात बसून आलेली. ती स्वतःहून आली नाही, तिने कुणाचं काही बिघडवलं नाही. आत आपल्यालाही मारणार आहेत हे तिला स्पष्ट दिसतं, ती ते सांगते, कुणाला कळत नाही, आणि तरी ती चालत आत जाते. जायच्या आधी म्हणते की माणसाचं सुख म्हणजे सावली, आणि दुःख म्हणजे ओल्या बोळ्याने पुसून टाकलेलं चित्र. इफिजेनियाचं वर्णन करतानाही म्हाताऱ्यांनी म्हटलेलं असतं की ती चित्रातल्यासारखी दिसत होती. मुलीचं चित्र पुसलं म्हणून जिने जग पेटवलं, तिनेच दुसऱ्या एका मुलीचं चित्र पुसलं. आणि वर म्हणते की हिच्या मरणाने माझ्या सुखाला आणखी चव आली. दहा वर्षं ज्या बाईने 'माझी मुलगी' एवढंच डोळ्यांपुढे ठेवलं तिला समोर उभी असलेली कुणाची तरी मुलगी दिसली नाही. याचा बचाव माझ्याजवळ नाही. काकूंनी फक्त फूल वाहिलं नाही, त्यांच्या आणि या बाईमध्ये मी सतत करत असलेली तुलना याच जागी तुटते, आणि ती तुटते याचं मला बरं वाटतं.

कसांड्रालाही आई होती, हेक्युबा. तिच्यावर युरिपिडीसचं एक नाटक आहे. ज्याच्याकडे विश्वासाने धाकटा मुलगा ठेवला त्या राजाने सोन्यासाठी त्याला मारलं, हे तिला कळतं. तीही माफ करत नाही. ती त्या राजाला गोड बोलून तंबूत बोलावते, त्याचे डोळे फोडते आणि त्याची मुलं मारते. ती मुलं बापासोबत आली होती, एवढंच.